दुचाकीचें स्टँड व तें राखणारी कळ

आमच्या शाळेच्या फाटकाशीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास जो गलबला उडतो, त्यांत एक हांक रोज ऐकूं येते. पालक मुलांस उतरवून गाडी वळवूं लागले कीं आमचा पहारेकरी हात वर करून ओरडतो, "साहेब, स्टँड! स्टँड!" गाडी थबकते, पाय खालीं जातो, लोखंडी दांडी टणकन् वर बसते, आणि गृहस्थ मागें न पाहतांच निघून जातात. आभार मानण्याचा प्रघात या बाबतींत नाहीं. सिग्नलपाशीं उभा असलेला शेजारचा स्वार, बसच्या खिडकींतील एखादी आजीबाई, कोणीहि "स्टँड वर घ्या" म्हणून सांगून मोकळें होतें. एरवीं रस्त्यावर एकमेकांस तसूभर वाट न देणारे आम्ही लोक येथें मात्र इतके परोपकारी कसे होतों, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत विजेच्या मंडलाचा धडा चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आमच्या नव्या स्कूटरचें स्टँड खालीं असलें कीं ती सुरूच होत नसे. बाबांनीं गॅरेजवाल्याकडून वायर डायरेक्ट करून घेतली. आतां होते. मग ती वायर तेथें ठेवली होती तरी कशाला?" प्रश्न सरळ होता, आणि बहुतेक मुलांच्या घरीं दुचाकी असल्यामुळें सर्वांच्या जिव्हाळ्याचा होता. तासाची घंटा झाली म्हणून उत्तर अपुरें राहिलें. तें येथें पुरें करीत आहों. पालकांच्याहि दृष्टीस तें पडावें, हा आमचा दुसरा हेतु लपवून ठेवण्याचें कारण नाहीं.

दुचाकीस बहुधा दोन स्टँडें असतात. गाडीच्या मध्याखालीं असतें तें डबल स्टँड. त्यावर गाडी चढवावयास अंगांत जोर लागतो. बजाज चेतकच्या काळांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस दांडीवर पाय देऊन स्कूटर मागें ओढणारे आपले वडील अजून आठवत असतील. परंतु या स्टँडाचा एक मोठा गुण असा कीं तें विसरतां येत नाहीं. गाडी पुढें ढकलून उतरविल्यावांचून निघतांच येत नाहीं, आणि ती पुढें ढकलली कीं स्प्रिंगच्या ओढीनें स्टँड आपण होऊन वर जातें. दुसरें तें साइड स्टँड. हें डाव्या अंगास असतें. पायाच्या एका टोल्यानें खालीं येतें, व गाडी त्यावर डावीकडे कलून उभी राहते. लहान मुलगीहि तें लावूं शकते. मात्र गाडी सरळ केली कीं त्याचें पाऊल जमिनीपासून सुटतें, आणि तें खालीं राहिलें आहे याची जाणीव स्वारास करून देणारें कांहींच उरत नाहीं. जी सोय, तीच खोड.

आतां तें खालीं राहिल्यानें नेमकें काय होतें, हें समजून घेतलें पाहिजे, कारण "घासतें, आवाज होतो, मग कळतें" एवढीच पुष्कळांची समजूत असते. स्टँडाच्या बिजागरीपाशीं एक बळकट स्प्रिंग अशा रीतीनें अडकविलेली असते कीं स्टँड खालीं असतां ती त्यास खालींच ओढते व वर असतां वरच ओढते. त्यामुळें खालीं राहिलेलें स्टँड रस्त्याच्या धक्क्यांनीं वर जाईल, ही आशा फोल होय. शिवाय स्टँड पूर्ण उघडलें असतां त्याचें पाऊल बिजागरीच्या किंचित पुढें असतें. गाडीच्या भारानें तें अधिकच पुढें रेटलें जाऊन आपल्या अटकावावर घट्ट बसावें, म्हणून ही योजना असते. गाडी सरळ जात असेल तोंवर पाऊल अधांतरीं राहतें. उजवीकडे वळतांना गाडी उजवीकडे कलते व तें आणखी वर उचललें जातें. परंतु पहिलें डावें वळण आलें कीं गाडी डावीकडे कलते आणि पाऊल जमिनीस टेकतें. जमीन त्यास मागें खेंचूं लागते. मागें जावयाचें तर त्याला बिजागरीच्या बरोबर खालून जावें लागतें, आणि त्या क्षणीं स्टँडाची उभी उंची सर्वांत जास्त होते. तेवढी जागा गाडीखालीं नसते. म्हणून गाडीसच वर उचललें जावें लागतें. शाळेच्या क्रीडादिनीं बांबूउडीचा खेळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें चट्कन उमगेल. धांवत येऊन बांबू पुढें रोवणारा खेळाडू जसा वर फेंकला जातो, तशी गाडी फेंकली जाते. कित्येकदां स्टँड दणका देऊन मिटतें व तेवढ्यावर निभावतें. कित्येकदां मागच्या चाकाची जमिनीवरील पकड सुटते, आणि मग स्वारास कांहीं करावयास वेळच राहत नाहीं.

कारखानदारांनीं यावर नाना उपाय केले. होंडा कारखान्यानें एके काळीं आपल्या मोटारसायकलींच्या स्टँडास खालीं रबराचा तुकडा बसविला होता. तो रस्त्यास आधीं घासून स्टँडास मागें ओढून घेई. कांहीं युरोपीय गाड्यांस असें स्टँड होतें कीं त्यावरील भार उतरला कीं तें आपोआप वर जाई. विसरण्याचा प्रश्न मिटला खरा, पण उभ्या गाडीस कोणाचा जरा धक्का लागला कीं स्टँड मिटावें आणि गाडी भुईवर आडवी व्हावी! त्या स्टँडास इंग्रजी स्वारांनीं आत्मघातकी स्टँड असें नांव दिलें होतें. १४ जून १९९३ रोजीं युरोपीय समुदायानें दुचाकींच्या स्टँडांविषयीं एक निर्देश काढला. त्याचा सारांश असा कीं, साइड स्टँड एकतर आपोआप मिटणारें असावें, नाहींतर तें उघडें असतां इंजिनाच्या बळावर गाडी चालूंच नये, अशी रचना असावी. हा दुसरा मार्ग म्हणजेच आपली कळ. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून धुरासंबंधींचे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, व गाड्यांच्या रचना नव्यानें करण्यांत आल्या. त्याच सुमारास साध्या घरगुती स्कूटरींतहि ही कळ सर्रास दिसूं लागली. त्यापूर्वीं पुष्कळ गाड्यांत फक्त एक तांबडा दिवा लागत असे, आणि भर उन्हांत तो कोणास दिसत नसे.

कळीची रचना गमतीची आहे. स्टँडाच्या बिजागरीपाशीं एक छोटी डबी असते. तींतील पिन स्टँडाच्या हालचालीनें दाबली जाते अथवा सुटते. कांहीं गाड्यांत पिनेऐवजीं लोहचुंबक असतो. स्टँड वर कीं खालीं, एवढीच बातमी ती तारेनें पुढें कळविते. मोटारसायकलींत हिच्या जोडीला आणखी दोन कळा असतात: एक गिअर न्यूट्रलमध्यें आहे कीं नाहीं हें सांगणारी, दुसरी क्लच दाबला आहे कीं नाहीं हें सांगणारी. बहुतेक गाड्यांत या तिघींची सल्लामसलत अशी चालते. गाडी न्यूट्रलमध्यें असेल तर स्टँड खालीं असलें तरी चिंता नाहीं. इंजिन खुशाल चालावें. गिअर पडलेला असेल तर स्टँड वर असलें पाहिजे, आणि सुरू करतेवेळीं क्लचहि दाबलेला पाहिजे. स्टँड खालीं असतां कोणीं गिअर टाकला, कीं इंजिनास मिळणारी ठिणगी तोडली जाते व तें जागच्या जागीं बंद पडतें. ज्यांस मोटारसायकल बिघडली असें वाटून घाम फुटतो, त्यांची गाडी बहुधा एवढेंच सांगत असते. स्कूटरींत हातानें बदलावयाचा गिअर नाहीं व क्लचची मूठहि नाहीं. म्हणून तेथें सल्लामसलत नाहीं. स्टँड खालीं, तर इंजिन बंद.

येथें आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर येतें. स्कूटरला ही कळ केवळ डाव्या वळणासाठीं नसते. आपण एक नित्याचें दृश्य डोळ्यांपुढें आणूं. दुधाच्या दुकानापुढें वडील स्कूटर थांबवितात, साइड स्टँड लावतात, इंजिन चालूच ठेवून दोन पावलांवर पिशवी घ्यावयास जातात. पुढें पायफळीवर चार वर्षांची मुलगी उभी आहे. तिच्या हाताशीं मूठ आहे, आणि बाबा ती पिळतात हें तिनें रोज पाहिलेलें आहे. तिनें ती एकदां पिळली कीं पुरे. स्कूटरला गिअर टाकावा लागत नसल्यामुळें ती तत्काळ धांवूं लागते, आणि घाबरलेलें मूल मूठ सोडण्याऐवजीं अधिकच घट्ट धरतें. विजेवर चालणाऱ्या स्कूटरींत तर ती चालू आहे कीं बंद, हें आवाजावरून ओळखूंहि येत नाहीं. स्टँडाची कळ शाबूत असेल तर मुलीनें कितीहि मूठ पिळली तरी स्कूटर जागची हालत नाहीं. वायर डायरेक्ट केली म्हणजे नेमका हा बंदोबस्त काढून टाकला.

हें आम्हीं वर्गांत सांगितलें, व तें घरीं पोंचलें. पुढच्या पालकसभेस त्या विद्यार्थ्याचे वडील आम्हांस शोधीत आले. "सर, तुम्ही वर्गांत माझी हजेरी घेतलीत म्हणे," असें हंसून म्हणाले, आणि मग गंभीर झाले. "मी पंचवीस वर्षें गाडी चालवितों. स्टँड एकदांहि विसरलों नाहीं. पण या स्विचामुळें जुलैमध्यें भर पावसांत नदीच्या पुलावर गाडी दोन वेळां आपोआप बंद पडली. मागें ट्रक, पाठीशीं पोरगा, पुढें धाकटी उभी. आतां तुम्हीच सांगा, त्या स्विचानें मला तारलें कीं मारावयास नेलें?"

आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. त्यांचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. ही डबी चाकाच्या चिखलाच्या माऱ्यांत बसविलेली असते. पावसाळ्यांत पिन अडकते, तारेच्या जोडांत पाणी शिरून हिरवा गंज चढतो, आणि स्टँड वर असूनहि "खालीं आहे" अशी खोटी बातमी जाते. कोंकणांत, जेथें पाऊस व खारी हवा दोन्ही असतात, तेथील मंडळींस याचा अनुभव अधिक. रखवालदारच जर मधूनमधून मालकाच्या अंगावर धांवून जाऊं लागला, तर मालक त्यास काढून टाकील, यांत नवल काय? जे लोक वायर तोडतात त्यांस सरसकट बेपर्वा म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

परंतु त्यांच्या "पंचवीस वर्षांत विसरलों नाहीं" या वाक्याशीं मात्र आम्ही सहमत नव्हतों. स्टँड विसरणें हा नवशिक्याचा दोष नव्हे. किंबहुना तो मुरलेल्या स्वाराचाच दोष आहे. नवशिका प्रत्येक क्रिया आठवून आठवून करितो. मुरलेल्याचा पाय सवयीनें चालतो, आणि सवयीची सांखळी मध्येंच तुटली, फोन वाजला, मुलाचें दप्तर घसरलें, कोणीं हांक मारली, कीं एक कडी गळते व ती गळल्याचें त्यास कळत नाहीं. आम्ही स्वतः एकोणीस वर्षें मोटारसायकल चालविल्यानंतर एका रविवारीं टपालपेटीपाशीं थांबून निघालों आणि पहिल्याच डाव्या वळणावर आपटलों. गुडघ्याची खूण अद्याप आहे. त्या गाडीस अशी कळ नव्हती. हें त्यांस सांगितल्यावर ते थोडे मवाळ झाले.

सभा आटोपल्यावर आम्ही दोघे मिळून गॅरेजवर गेलों. मिस्त्रीनें डबी सोडवून दाखविली. तींत सुकलेला चिखल गच्च बसला होता, व जोडाचें एक टोंक गंजानें खाल्लें होतें. तीं साफ करून नवें टोंक बसवावयास अर्धा तासहि लागला नाहीं. वायर तोडावयास पांच मिनिटें लागली होतीं, आणि सारा मोह त्या पंचवीस मिनिटांचाच होता. पावसाळ्यापूर्वीं व नंतर ही जागा मिस्त्रीकडून धुवून घ्यावी, पिन सहज आंतबाहेर होते कीं नाहीं हें पाहावें, आणि बिघडली असेल तर कळ बदलावी.

ती चालू आहे कीं नाहीं हें घरींहि तपासतां येतें. स्कूटर डबल स्टँडावर चढवून, पुढें कोणी उभें नाहीं असें पाहून, इंजिन सुरू करावें व मूठ न पिळतां साइड स्टँड खालीं करावें; इंजिन बंद पडलें पाहिजे. मोटारसायकल असेल तर तींवर बसून, स्टँड वर ठेवून, क्लच दाबून पहिला गिअर टाकावा, आणि क्लच न सोडतां स्टँड खालीं करावें. ही परीक्षा वडील मंडळींनींच करावी. विद्यार्थ्यांनीं दुरून पाहावी. जातां जातां आणखी एक गोष्ट. स्टँड पाडून इंजिन बंद करावयाचें व किल्ली तशीच ठेवून निघून जावयाचें, अशी नवी खोड कांहीं तरुणांस लागलेली दिसते. किल्ली चालू राहिल्यानें बॅटरी उतरते, आणि मग संध्याकाळीं तीच मंडळी गाडी ढकलीत घरीं जातांना आढळतात.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं कळ पूर्ववत् जोडून घेतली. मात्र पुढील पावसाळ्यांत गाडी पुन्हां पुलावर बंद पडली तर तेथूनच आम्हांस फोन करणार, अशी अट घातली आहे. आम्हीं ती मान्य केली. आमच्या पहारेकऱ्याचें काम अर्थात् कमी झालेलें नाहीं, कारण फाटकाशीं येणाऱ्या गाड्यांपैकीं पुष्कळ जुन्या आहेत व त्यांस अशी कळच नाहीं. यंदा त्यास ओरडण्याचा त्रास नको म्हणून एक शिटी दिली होती. परंतु ती ऐकून लोक स्टँडाकडे न पाहतां वाहतुकीचा पोलीस कोठें आहे तें पाहूं लागले. म्हणून त्यानें शिटी परत केली आणि पुन्हां ओरडावयास सुरुवात केली आहे.