चेहऱ्यावरील रोपण आणि त्यानंतरची सूज

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. या कारखान्याचे सेक्टर ९ मधील रुग्णालय भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांसाठी ओळखले जाते. जेथे अवजड यंत्रे आणि वाहने यांचा नित्य सहवास असतो, तेथे चेहऱ्याच्या हाडांना इजा होणेही नवलाचे नाही. मोडलेला जबडा सांधण्यासाठी शस्त्रवैद्य धातूची पट्टी बसवतात. ती मात्र भट्टीतून निघणाऱ्या साध्या पोलादाची नसते. शरीरातील खारट द्रवात साधे पोलाद गंजते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप जमतो आणि धातूचे रक्षण करतो. १९५२ साली स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी पुन्हा काढता येईना. हाड तिच्याशी एकजीव झाले होते. हनुवटीला किंवा गालाला उठाव देण्यासाठी सिलिकोन वा सच्छिद्र पॉलिएथिलिन वापरले जाते.

परंतु रुग्णाला आरशात प्रथम दिसते ती सूज. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा अधिक विद्रूप दिसतो आणि शस्त्रक्रिया फसली, अशी त्याची समजूत होते. ही समजूत बहुधा चुकीची असते. जखमेच्या जागी केशवाहिन्या सैल होतात व त्यांतील द्रव ऊतींमध्ये झिरपतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल. पापण्यांखालची ऊती तर इतकी सैल, की गालावर शस्त्रक्रिया झालेल्याचे डोळेही मिटू लागतात. रात्री आडवे निजल्याने सकाळी सूज वाढलेली दिसते. म्हणून पहिले काही दिवस डोके उंच ठेवून निजावयास सांगतात. साकळलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने मानेकडे उतरते. रक्तातील रंगद्रव्याचे विघटन होत असता त्वचा निळी, मग हिरवट, मग पिवळी होते.

बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते. उरलेली मात्र कित्येक महिने रेंगाळते, आणि दोन्ही बाजूंची सारख्या गतीने उतरत नाही. हनुवटीच्या रोपणानंतर खालचा ओठ काही काळ बधिर राहू शकतो. अशा बधिर त्वचेवर उघडा बर्फ धरू नये; त्वचा गोठून इजा झाली तरी रुग्णाला कळत नाही. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरण्यास विलंब लागतो.

तथापि धीर धरण्याचा उपदेश सर्वच सुजेला लागू नाही. एकच बाजू अचानक ताठरून फुगली, तर आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. डोळ्याजवळच्या शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदनेसह दृष्टी मंदावल्यास सकाळची वाट पाहत बसणे म्हणजे डोळा गमावणे ठरू शकते. ओसरत आलेली सूज पुन्हा लाल, उष्ण व दुखरी झाली, ताप आला किंवा पू दिसला, तर तो जंतुसंसर्ग समजावा. रोपणाच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात. तेथे औषध पुरेसे पोहोचत नाही, आणि कित्येकदा रोपण काढावेच लागते. असा संसर्ग काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही उद्भवतो.

रोपणाचे साहित्य नवे असले, तरी चेहरा पुन्हा घडविण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजी फौजेतील बैलगाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त चित्रासह छापला, आणि कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने पुढे तीच रीत उचलली. चित्रातील कावसजीचा चेहरा शांत व नाक सुघड आहे. ते चित्र काढले गेले होते शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी.