ओळखीचा चेहरा हवा

सप्टेंबर 1948 पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि बाजारात चालायचा हाली सिक्का. त्या रुपयावर चारमिनार होता, राजाचा चेहरा नव्हता. अर्कचित्राचं तर सगळं गणित चेहऱ्यावर. पाहणाऱ्याला माणूस आधी ठाऊक हवा. मग नाक वीतभर लांबवलं तरी तो म्हणतो, ‘अरे, हा तर तोच!’

अतिशयोक्ती आपल्याकडे नवी नव्हती. भारुडात, तमाशात सोंगाड्या कुणाची चाल, कुणाचं खाकरणं दुप्पट करून दाखवायचा आणि लोक हसून बेजार व्हायचे. पण ती गंमत गावच्या वेशीपर्यंतच. वेशीबाहेरचा पुढारी सर्वांच्या ओळखीचा झाला तो वर्तमानपत्रांतल्या फोटोंमुळे.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 13 ऑगस्टला ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक निघालं. ब्रिटनमधले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांना मानणाऱ्या बाळ ठाकरेंच्या कुंचल्यानं पुढाऱ्यांची पोटं, भुवया, टोप्या घरोघरी नेल्या. वसंत सरवटेंची जात वेगळी. साहित्यिकांची अर्कचित्रं काढताना ते थोडक्या रेषांत माणसाचा स्वभाव पकडत. मला तीच अवघड वाटतात. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांत इंदिरा गांधींचं नाक तर असं वाढत गेलं की बाकी चेहरा नसता तरी चाललं असतं.

मग 2016. ऑगस्टमध्ये औरंगाबादेपाठोपाठ उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, मराठा क्रांती मोर्चा निघाला, मूक आणि अफाट. महिनाभरानं शिवसेनेच्या ‘सामना’च्या पुरवणीत ‘मूक’चं ‘मुका’ करणारं व्यंगचित्र आलं. संताप उसळला, उद्धव ठाकरेंना माफी मागावी लागली. विनोद हीन होताच, पण अर्कचित्र म्हणूनही तो फसलेला. पुढे मुली, मागे अथांग गर्दी, नेता कुणीच नाही. वाढवायचं नाक कुणाचं? सत्तेतल्या एका माणसाचा अर्क काढता येतो. समूहाचा काढायला गेलं की उरते ती नुसती टवाळी.

आता मोबाइलवरचं अ‍ॅप कुणाचाही चेहरा क्षणात ताणून देतं. गाल, कपाळ, डोळे सगळंच फुगवतं, कारण निवड करणं त्याला जमत नाही. चौकातल्या डिजिटल फलकांवर उलटा प्रकार: साहेब गोरे, सुरकुत्या गायब, वय वीस वर्षांनी कमी. अतिशयोक्तीच ती, फक्त खुशामतीची. अर्कचित्र शिकू पाहणाऱ्या पोरांना इतके ओळखीचे चेहरे पूर्वी कधी आयते मिळाले नव्हते. हात मात्र बेतानं चालवावा लागेल; फलकाखाली कार्यकर्तेही उभे असतात.