जमिनीप्रमाणे अवजार, बसण्याप्रमाणे सांधा



मृगाच्या आधी मालेगाव तालुक्यातल्या एका गावात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून आम्ही ओसरीवर चहा घेत होतो. घरची म्हातारी माय भिंतीला धरून बाहेर आली. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला आहे, पण ती तयार नाही, असे मुलगा म्हणाला. मायने मलाच विचारले, "साहेब, लोखंडाचा गुडघा घातल्यावर मले खाली बसता येईन काय? चुलीपाशी कोण बसन?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण हा प्रश्न एका घरचा नाही. निंदण, सोंगणी, पाठीवरचा फवारणी पंप, डोक्यावरचा भारा, या सगळ्याचे ओझे शेवटी गुडघ्यावर आणि मणक्यावरच येते.

भारी काळ्या जमिनीतला डवरा मुरमाड जमिनीत जसाच्या तसा चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शरीरात बसवायच्या अवजाराचेही तसेच आहे. ते कोणीतरी अडचण पाहून घडवलेले असते, आणि चुकत चुकत सुधारलेले असते.

मांडीचे हाड मोडले की पूर्वी पायाला वजन लटकवून माणसाला महिनोन्‌महिने खाटेवर ठेवीत. जर्मनीतील कील शहराचे डॉ. गेर्हार्ड क्युंट्शर यांनी 1939 साली हाडाच्या पोकळीतूनच पोलादी सळई घातली. कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा आतून आधार मिळाला आणि रोगी लवकर पायावर उभा राहू लागला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या एक्स-रेमध्ये ही सळई दिसली, तेव्हा इतर देशांचे डॉक्टर चकित झाले. आज आपण ज्याला 'रॉड टाकला' म्हणतो, त्याचे मूळ तिथे आहे.

मणक्याच्या बाबतीत अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांचे नाव घ्यावे लागते. पोलिओमुळे पाठ वाकडी झालेली मुले पाहून त्यांनी 1950 च्या दशकात पोलादी दांडी आणि आकडे तयार केले. सुरुवातीला आकडे निसटत, दांडी मोडे. त्यांनी रचना पुन्हा पुन्हा बदलली. आज मणक्यात स्क्रू आणि दांड्या बसवतात, त्यामागे अशी मेहनत आहे.

खुब्याच्या सांध्याची गोष्ट तर प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी बसवली. सुरुवातीला रोगी खूश होते, पण काही वर्षांतच वाटी झिजली, झिजेचा भुगा आत साचला आणि ते सांधे काढावे लागले. चार्नलींनी चूक झाकली नाही. टेफ्लॉन आणि नवे प्लॅस्टिक त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून पाहिले आणि 1962 पासून नवी वाटी वापरली. नवे वाण आधी थोड्या क्षेत्रात पेरून पाहावे असे आम्ही सांगतो, त्यामागचा विचार हाच आहे.

आता मायच्या प्रश्नाकडे येऊ. कृत्रिम गुडघे आधी पाश्चात्त्य देशांत घडले. तिथला माणूस खुर्चीवर बसतो. खुर्चीवरून उठायला गुडघा साधारण काटकोनात किंवा थोडा जास्त वाकला तरी भागते. उकिडवे बसायला मात्र तो 130 अंशांच्या पुढे वाकावा लागतो. शिवाय आपल्याकडच्या अनेकांची, विशेषतः बायांची हाडे लहान असतात.

ही अडचण आपल्या महाराष्ट्रातच हाती घेतली गेली. पुण्याचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रोगी डोळ्यांपुढे ठेवून 'इंडस' नावाचा जास्त वाकणारा गुडघा तयार केला. एकाहून अधिक रुग्णालयांत तो बसवून रोग्यांची दोन वर्षे पाहणी झाली आणि त्याचा अहवाल 2009 साली अस्थिरोगाच्या भारतीय नियतकालिकात छापून आला. डॉ. संचेती यांना 2012 साली पद्मविभूषण मिळाले.

पण गैरसमज नको. जास्त वाकणारा सांधा बसवला म्हणजे प्रत्येकाला मांडी घालता येईलच असे नाही. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता, वजन किती आहे, नंतरचा व्यायाम नेटाने केला की नाही, यावर बरेच अवलंबून असते. सांध्यातले प्लॅस्टिक वापराने झिजते, म्हणून कित्येक डॉक्टर खाली बसणे टाळायलाच सांगतात.

खर्चाचेही पाहू. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो संच सरासरी 1 लाख 58 हजार रुपयांना पडे, त्याची कमाल किंमत तेव्हा कर सोडून 54,720 रुपये ठरली. शस्त्रक्रियेचा व खाटेचा खर्च वेगळा असतो. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी गावात एवढे जरूर सांगावे:

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, ते पैसे भरण्याआधी त्याला विचारावे.

गंजीवरून किंवा झाडावरून कोणी पडला आणि पाठ दुखते म्हणाला, तर त्याला बसवू नये, उचलून बंडीत टाकू नये. मान व पाठ न हलवता चार जणांनी मिळून फळीवर घ्यावे आणि थेट दवाखान्यात न्यावे.

रॉड, प्लेट किंवा सांधा बसवला असेल तर त्याच्या वेष्टनावरची नाव-क्रमांकाची चिठ्ठी सातबाऱ्यासारखी जपून ठेवावी. एमआरआयच्या आधी ती दाखवावी. अंगावर कुठे गळू किंवा पिकलेली जखम झाली तर अंगावर काढू नये, कारण तिथला जंतू सांध्यापर्यंत जाऊ शकतो.

मागच्या महिन्यात मायला पुन्हा भेटलो. म्हटलं, "माय, मले विचारलं तेच डॉक्टरला विचार. घरात कशी बसते, वावरात काय करते, सारं सांग. मग कोणता सांधा, ते त्यांना ठरवता येईन." तिने अजून होकार दिलेला नाही. मुलाने मात्र उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून घरात ओटा बांधायला काढला आहे.