आधी काटकसर, मग सौरसंच
शेतकरी बंधूंनी छपरावर सौरसंच बसविण्यापूर्वी घरातील विजेचा अपव्यय थांबवावा, हे हितावह होय. अन्यथा अपव्यय भागविण्यासाठीच मोठ्या संचाचे कर्ज डोक्यावर बसते. जुन्या पंख्यास सुमारे ७५ वॅट वीज लागते. पाच ताऱ्यांच्या पंख्यास सुमारे ३० वॅट पुरते. असे तीन पंखे रोज दहा तास चालल्यास १.३५ युनिट वाचतात. १ किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाकाठी सुमारे ४ युनिट देतो. म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा पंख्यांतच वाचला. गच्चीस पांढरा चुना दिल्यास खोल्याही कमी तापतात. नंतर वर्षभराची बिले पाहून संचाची क्षमता ठरवावी. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. संच दक्षिणाभिमुख व सावलीविरहित जागी बसवावा आणि त्यावरील धूळ वेळोवेळी धुवावी.