पाच मिनिटांचा संगणक

३ जुलै १९९१ रोजी ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा कथेआधी त्याच्या खर्चाचीच चर्चा झाली. जेम्स कॅमेरॉनने १९८४चा पहिला ‘टर्मिनेटर’ साठ-पासष्ट लाख डॉलरमध्ये उरकला होता. दुसऱ्याचा खर्च दहा कोटींच्या घरात गेला. तोवर इतका महागडा चित्रपट कुणीच काढला नव्हता.

कथा मात्र साधी आहे. स्कायनेट ही संगणकप्रणाली २९ ऑगस्ट १९९७ रोजी माणसांवर अणुयुद्ध लादणार. पुढे तिच्याविरुद्ध लढणाऱ्या जॉन कॉनरला लहानपणीच संपवायला भविष्यातून टी-१००० हा यंत्रमानव येतो. जॉनला वाचवायला येतो अर्नोल्ड श्वार्झनेगर. पहिल्या भागात जॉनच्या आईच्या, सारा कॉनरच्या जिवावर उठलेल्या यंत्राचाच जुळा.

वितळून पुन्हा माणूस होणारा टी-१००० पाहून प्रेक्षक थक्क झाले. तो इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या संगणकांवर, डेनिस म्युरेनच्या देखरेखीखाली घडला. कॅमेरॉनच्याच ‘द अ‍ॅबिस’मधल्या पाण्याच्या आकृतीने १९८९मध्ये या तंत्राची रंगीत तालीम केली होती. पण १३७ मिनिटांच्या चित्रपटात संगणकाने रचलेली दृश्यं जेमतेम पाच मिनिटांची आहेत. मीठ चवीपुरतंच पडलंय.

बाकी सगळी हातांची करामत. गोळी लागताच टी-१०००च्या छातीवर उमलणारी चंदेरी जखम स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेत बनली. ती कपड्यांखाली दडवलेली असे आणि ऐन वेळी फटकन उघडे. टी-१००० साकारणाऱ्या रॉबर्ट पॅट्रिकने तोंड मिटून, धाप न लागता धावण्याचा सराव केला. त्यामुळे हे यंत्र दमत नाही, हे प्रेक्षकाला न सांगताच पटतं. शेवटच्या पाठलागात हेलिकॉप्टर पुलाखालून जातं, तेही वैमानिक चक टॅम्बुरोने खरोखर उडवलेलं.

सर्वांत देखणी युक्ती आरशाची. सारा आरशासमोर बसलेल्या अर्नोल्डच्या डोक्यातली चिप काढते, त्या दृश्यात आरसा नाहीच. भिंतीला मोकळी चौकट आहे. अलीकडे अर्नोल्डचा पुतळा आणि साराची भूमिका करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली. पलीकडे खरे अर्नोल्ड आणि लिंडा. दोघी बहिणी एकाच वेळी तीच हालचाल करतात आणि आपण फसतो.

आज पाहताना माइल्स डायसन अधिक लक्ष वेधून घेतो. स्कायनेटचा पाया घालणारा हा इंजिनिअर दुष्ट नाही. बायकोमुलांत रमणारा, कामात बुडालेला, हुशार माणूस आहे. आपल्या शोधातून काय घडणार हे कळताच तो स्वतःचंच संशोधन नष्ट करायला निघतो. इथे संकट येतं ते कुणाच्या क्रौर्यातून नव्हे, परिणामांचा विचार न करता केलेल्या उत्तम कामातून. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या आजच्या वादात हाच मुद्दा कळीचा आहे.

चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. २०२३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. या चित्रपटानंतर आलेल्या कितीतरी चित्रपटांत संगणकाची दृश्यं तासभर चालतात आणि दहा वर्षांत जुनाट वाटू लागतात. ‘टर्मिनेटर २’ अजून टिकून आहे, कारण कॅमेरॉनने संगणकाला फक्त तेवढंच काम दिलं जे माणसाच्या हातून होणार नव्हतं. पुन्हा पाहणार असाल, तर आधी मूळ आवृत्ती पाहा. आरशाचं दृश्य त्यात नाही. त्यासाठी नंतर आलेली वाढीव आवृत्ती मुद्दाम शोधा.