मनगटी घड्याळ आणि रक्तशर्करेचे मापन

मनगटावरील स्मार्ट घड्याळ नाडीचे ठोके मोजते व रक्तातील प्राणवायूचे प्रमाणही दर्शविते; मग त्याच घड्याळाने रक्तशर्करा का सांगू नये, असा प्रश्न मधुमेही व्यक्तीस पडणे स्वाभाविक होय. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी, वारंवार बोट टोचण्याचा त्रास व पट्ट्यांचा खर्च ज्यांना सोसावा लागतो, त्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

प्राणवायूचे मापन हीमोग्लोबिनच्या रंगावर आधारलेले आहे. हे द्रव्य लिटरभर रक्तात सुमारे १४० ग्रॅम असते व प्राणवायूशी संयोग होताच त्याचा रंग पालटतो. ग्लुकोज मात्र रंगहीन असून, निरोगी माणसाच्या लिटरभर रक्तात ते उपाशीपोटी एक ग्रॅमच्या आसपासच असते. अवरक्त प्रकाश ते शोषून घेते हे खरे. परंतु त्याच प्रकाशपट्ट्यात पाणी, प्रथिने व मेद यांचेही शोषण होते. शिवाय त्वचेचे तापमान, घाम आणि पट्ट्याचा दाब यांमुळे पडणारा फरक ग्लुकोजचा क्षीण संकेत सहज झाकून टाकतो. कळमेश्वरच्या मे महिन्यातील उन्हात ही अडचण किती वाढेल, हे सांगावयास नको.

या दिशेने पूर्वी प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेले ‘ग्लुकोवॉच’ हे मनगटी उपकरण सौम्य विद्युत्प्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून त्यातील ग्लुकोज मोजीत असे. तथापि बोटाच्या रक्ताशी त्याचा मेळ घालावा लागे, त्वचेचा दाह होई, आणि घाम अधिक आल्यास नोंदच गाळली जाई. पुढे ते बाजारातून नाहीसे झाले.

आज जी घड्याळे शर्करेचा विश्वसनीय आकडा दाखवितात, ती स्वतः मापन करीत नाहीत. दंडावर अथवा पोटावर लावलेल्या संवेदकाचा सूक्ष्म तंतू त्वचेखालील द्रवात असतो. तेथे विकराच्या क्रियेतून उत्पन्न होणाऱ्या विद्युत्प्रवाहावरून ग्लुकोज मोजले जाते. रक्तातील बदल या द्रवात काही मिनिटे उशिरा उमटतो. घड्याळ हा त्या मापनाचा केवळ दर्शक फलक होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्वचेस छेद न देता शर्करा मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाही घड्याळास वा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाही, असे जाहीर केले. या इशाऱ्यामागील कारण गंभीर आहे: चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा अधिक घेतली गेल्यास रक्तशर्करा एकाएकी उतरून शुद्ध हरपण्याचा, प्रसंगी प्राण जाण्याचाही धोका असतो. म्हणून घड्याळावरील आकडा औषधाच्या मात्रेसाठी ग्राह्य धरण्यापूर्वी तो कोणत्या संवेदकाने मोजला, हे विचारणे अगत्याचे ठरते.