कमान विकत मिळत नाही

कागलच्या एका वाचकांनी विचारलंय. मुलगा अकरावीत, सैन्यभरतीची तयारी करतोय, पण तळवे सपाट. आंघोळ करून बाहेर आला की फरशीवर अख्खं पाऊल उमटतं, मधली रिकामी जागाच नाही. दुकानदार म्हणतो, आर्च सपोर्टचे बूट घ्या, कमान तयार होईल. आजोबा म्हणतात, बूट सोडा, पोराला कोल्हापुरी घाला. ऐकायचं कुणाचं?

दुकानदाराचा दावा तपासून झालाय. अमेरिकेत वेंगर आणि सहकाऱ्यांनी सपाट पायांच्या लहान मुलांचे गट पाडले. कुणाला खास ‘सुधारक’ बूट, कुणाला बुटात बसवायचे साचे, कुणाला नुसतेच साधे बूट. तीन वर्षांनी पाहिलं तर पाय सगळ्याच गटांत सुधारले होते आणि गटागटांत फरक नव्हता. हे १९८९ साली छापून आलं. लहानपणी तळवा सपाट असणं हेच मुळी नेहमीचं आहे. ऑस्ट्रियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन वर्षांच्या ५४ टक्के मुलांचे पाय सपाट निघाले, सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २४ टक्के. वय जे काम फुकटात करतं, त्याचे पैसे बूटवाले घेत आले.

मग कमान करते तरी काय? लीड्सच्या मॅकनील अलेक्झांडर यांच्या गटानं १९८७ मध्ये शस्त्रक्रियेत काढून टाकाव्या लागलेल्या पायांवर यंत्रानं दाब देऊन हे मोजलं. (हेच अलेक्झांडर डायनोसॉरच्या ठशांवरून त्यांचा वेग काढायचे. पाऊलखुणांचं वेड असावं तर असं!) धावताना एका पावलात साधारण १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते, त्यातले १७ ज्यूल ही कमान दबताना साठवते आणि उचलताना बऱ्याच अंशी परत देते. तेव्हापासून टाच ते चवडा अशी जाणारी ही उभी कमान फारच भाव खाऊन गेली.

पण पायाला आडवी कमानही असते. दहाची नोट काढा आणि एका टोकाला चिमटीत धरा. दुसरं टोक मान टाकतं. आता धरलेल्या टोकाशी नोट रुंदीत किंचित वाकवा, मध्ये जरा खोलगट होऊ द्या. तीच नोट ताठ उभी राहते! कागद तोच, जाडी तीच, फक्त आडवा बाक आला. मधुसूदन वेंकटेशन, श्रेयस मंद्रे आणि महेश बंदी या भारतीय वंशाच्या तिघांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘नेचर’मध्ये दाखवलं की आपलं पाऊलही असंच ताठ राहतं. मृतदेहांच्या पावलांतल्या आडव्या ऊती कापल्यावर पावलाचा ताठपणा ४० टक्क्यांहून अधिक उतरला. फरशीवरच्या ओल्या ठशात ही आडवी कमान दिसतच नाही. तळवे सपाट असूनही कित्येक जण बिनतक्रार डोंगर चढतात, त्याचं एक कारण इथे असू शकतं.

म्हणून कागलच्या मुलाला एवढंच सांगेन: चवड्यांवर उभा राहा. टाच उचलल्यावर कमान दिसू लागली, तर पाय लवचिक आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) वैद्यकीय निकषांतही हेच आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत येत असेल, चवड्यांवर नीट धावता-उड्या मारता येत असतील, पाय लवचिक आणि वेदनारहित असेल, तर उमेदवार चालतो. कमान उठलीच नाही आणि पाऊल ताठर असेल, तर बुटांवर खर्च न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. काहींच्या पावलातली हाडं जन्मतः एकमेकांना जोडलेली असतात.

आता आजोबा. त्यांच्या बाजूनं एक वजनदार साक्षीदार आहे, मणिपालचे बालअस्थिरोगतज्ज्ञ बेंजामिन जोसेफ. यू. बी. राव यांच्यासह त्यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बुटांत प्रमाण सर्वाधिक, सँडल-चपलांत त्याहून कमी. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखी चप्पल फिरवली तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या साऱ्या चर्चेत जोसेफ यांचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही.

तरीही आजोबांना पूर्ण गुण देता येत नाहीत. अनवाणी मुलं आणि बूटवाली मुलं यांच्या घरची परिस्थिती, वजन, खेळ हे सगळंच वेगळं असू शकतं. एकदाच घेतलेल्या ठशावरून कारण पक्कं होत नाही. शिवाय हा मामला वाढत्या वयाचा. सतराव्या वर्षी चप्पल बदलून कमान उठेल, असं या अभ्यासात कुठेच नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी पायाला हळूहळू आपलंसं करते हे खरं, पण तिचा तळ सपाट आणि टणक, मागे टाचेला धरायला काही नाही. गावात मिरवायला छान, भरतीतले सोळाशे मीटर धावायला नाही.

धावायचे बूट कोणते? अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन दलात जवानांना तळव्याच्या ठशानुसार बूट वाटून पाहिले. दुखापती कमी झाल्या नाहीत. तेव्हा ‘फ्लॅट फूट स्पेशल’ या लेबलाचे जास्त पैसे मोजू नका. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा. टाचेभोवतीचा भाग अंगठ्यानं दाबला तर चेपता कामा नये. बूट बोटांपाशी वाकावा, मध्येच दुमडू नये. पुढे बोटं मोकळी हलावीत. मग घालून दुकानातच दहा मिनिटं फिरा. आरामदायी वाटला तर घ्या, ‘वापरून सैल होईल’ हे ऐकू नका. पाय दुखत असेल तर आतला साचा दुखणं कमी करू शकतो. तो जरूर वापरावा, पण चष्मा लावून नंबर उतरत नाही, तशीच गत इथेही.

मोठ्या माणसांचं मात्र निराळं. चाळिशी-पन्नाशीत एकाच पायाची कमान बसायला लागली, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतंय, त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर कमान उचलून धरणारा स्नायुबंध झिजत असण्याची शक्यता आहे. मधुमेह्याचं पाऊल दुखत नसतानाही गरम लागलं, सुजलं आणि आकार बदलायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि ते सांगेपर्यंत त्या पायावर भार देऊ नये.